दृष्टांतातला सुतार

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, तिसऱ्या पादात, जीवाच्या कर्तेपणाची चर्चा ऐन रंगात आलेली असताना मध्येच एक सुतार येतो. सूत्रकार त्याला चार शब्दांत आटोपतात. शंकराचार्य मात्र भाष्यात त्याला थोडा वेळ देतात. वाकस वगैरे हत्यारे हातात असतात तोवर सुतार कर्ता असतो आणि शिणतो; हत्यारे ठेवून घरी गेला की तोच निवांत होतो. जीवाचेही तसेच, असे आचार्य म्हणतात. मन, बुद्धी, इंद्रिये ही त्याची हत्यारे. ती जोडलेली असताना तो कर्ता आणि दुःखी, सुटली की मुळात होता तसा अकर्ता. कर्तेपण अंगचे नव्हे, उपाधीमुळे आलेले. वेदान्ताच्या अभ्यासकांनी सुताराचे काम इथे संपले असे धरले आणि ते पुढच्या सूत्राकडे वळले. पण साक्षीला बोलावलेल्या माणसाची उलटतपासणी घ्यायला काय हरकत आहे? हत्यार हातात आले की माणूस कर्ता होतो, हे निदान सुताराच्या बाबतीत तरी खरे आहे का?

ही तपासणी आज फार सोपी झाली आहे, कारण हत्यारे आता कुणालाही मिळतात. पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसभर संगणकापुढे बसणारा एखादा माणूस हातांनी लाकूडकाम करायचे मनावर घेतो. रंधा, पटाश्यांचा संच, ओढून कापायची जपानी करवत, गुण्या, धार लावायचे दगड असे सगळे आठवड्याभरात घरपोच येते. भाष्याच्या भाषेत उपाधी पूर्ण जमली. मग तो फळीवर रंधा टेकवतो, जोर लावतो आणि पापुद्रा निघण्याऐवजी फळी ओरबाडली जाते. हत्यार हातात आहे, कर्तेपण नाही. उलट, नजर अधू झाली आणि हात थरथरू लागले म्हणून ज्याने काम कायमचे सोडले असा म्हातारा सुतार ओट्यावर बसल्या बसल्या टेम्पोतून उतरणारा ओंडका पाहतो आणि याच्या फळ्या पीळ खाणार हे सांगून मोकळा होतो. हत्यार नाही, पण कर्तेपणातले काहीतरी शाबूत आहे. म्हणजे हत्यार पुरेसेही नाही आणि दर वेळी आवश्यकही नाही. मग ते कर्तेपण राहते कुठे? माझे उत्तर असे, की ते एकट्या माणसात राहत नाही. काम करणारा, त्याचे काम तपासणारा दुसरा कुणी आणि त्या मुलखात मिळणारे लाकूड या तिघांत मिळून ते राहते. म्हणून जवळपासचा सुतार शोधणे, शिकायची जागा शोधणे, वखार शोधणे ही खऱ्या कामाआधीची किरकोळ यातायात नव्हे. शिकणे तिथेच सुरू झालेले असते.

याला आधार शंकराचार्यांच्याच भाष्यात सापडतो, फक्त दुसऱ्या ठिकाणी. ब्रह्मसूत्रांच्या सुरुवातीच्या सूत्रांवर लिहिताना त्यांनी क्रिया आणि ज्ञान यांत भेद केला आहे. क्रिया माणसाच्या मर्जीवर असते. ती करता येते, टाळता येते, वेगळ्या तऱ्हेने करता येते. ज्ञान मात्र वस्तूच्या अधीन असते. समोर खांब असेल तर तो खांबच; त्याला माणूस म्हणायची मुभा कुणाला नाही. हा भेद घेऊन सुताराकडे गेले की पंचाईत होते. रंधा मारणे ही क्रिया आहे यात वाद नाही. पण तो कोणत्या टोकाकडून मारायचा हे सुतार ठरवत नाही, लाकडाचे तंतू ठरवतात. ते ज्या दिशेने वर येत असतील त्या दिशेने रंधा गेला तर लाकूड गुळगुळीत होते, उलटा गेला तर उपटले जाते. गाठीजवळ तीच दिशा वीतभर अंतरात दोनदा पालटते. तिथे मर्जी चालवणाऱ्याला लाकूड लगेच खांबासारखे वठणीवर आणते. म्हणजे ही क्रिया वस्तूच्या अधीन आहे, आणि हे ज्ञान क्रिया केल्याशिवाय उमगतच नाही. आपल्या परंपरेने ज्ञानाची आणि कर्माची अशा दोन पंगती मांडल्या, आणि सुताराला कोणत्या पंगतीत बसवायचे याचा विचारच केला नाही.

वस्तूच्या अधीन म्हणजे नेमके काय, हे एका फळीवर पाहू. सागवानी फळीच्या टोकाला, जिथे ओंडका आडवा कापला गेला तिथे, वाढीच्या वर्तुळांच्या कमानी दिसतात. फळी सुकताना या कमानी सरळ होऊ पाहतात; त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट आणि गाभ्याकडची फुगीर होते. कारण असे की लाकूड वर्तुळांच्या कडेकडेने जास्त आकसते आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने कमी. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान पहिल्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते आणि दुसऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. अमेरिकेतल्या तांबड्या ओकचे हेच आकडे ८.६ आणि ४ आहेत. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. इंग्रजी पुस्तके आणि चित्रफिती ओक, चेरी, मेपल अशा लाकडांवर बेतलेल्या असतात. त्यांनी सांगितलेली मोकळीक सागवानाच्या खणाला ठेवली तर तो खण वर्षभर खुळखुळतो. सागवानात सिलिकेचा अंश असतो, त्यामुळे धार लवकर जाते, आणि पुस्तकाच्या हिशेबाने धार लावणारा बोथट हत्यार रेटत राहतो. कंबरेइतक्या उंच बाकापुढे उभे राहून काम करायचे हेही ती पुस्तके गृहीत धरतात. आपला सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करत आला, त्यामुळे जोर कुठून लावायचा याचे सारे गणितच वेगळे. त्यात आषाढातले कोकण आणि वैशाखातला विदर्भ एकाच फळीला एका वर्षात दोन रूपे देतात. फणसाचा देव्हारा मालवणात एका मापाचा आणि नागपूरच्या बदलीनंतर दुसऱ्या मापाचा होतो, हे कुठल्या पुस्तकाच्या परिशिष्टात सापडायचे?

म्हणून वखार हीसुद्धा एक शाळा आहे, फक्त तिथे कुणी शिकवायच्या इराद्याने बसलेले नसते. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा मुंबईत रे रोडच्या बाजूला गेले की पहिली गोष्ट कळते ती ही, की तिथला व्यवहार घनफुटावर चालतो आणि एक फळी मागणारा माणूस ही पीडा असते. दुसरी गोष्ट, ‘सागवान’ एवढे म्हणून भागत नाही. जुन्या मध्य प्रांताची आठवण ‘सीपी’ या दोन अक्षरांत जपणारा चंद्रपूर-बल्लारशाकडचा माल वेगळा, बर्मा वेगळा, शेताच्या बांधावरचे कोवळे, पांढऱ्या कडांचे झाड वेगळे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी याच चंद्रपूरच्या जंगलातले सागवान गेले. सरकारी आगारात ते लिलावाने आणि लॉटने विकले जाते, त्यामुळे हौशी माणसाला तिथे वाव कमी. त्याला जुन्या वाड्यांचे उतरवलेले लाकूड परवडते आणि ते चांगलेही असते. शंभर पावसाळे खाल्लेली तुळई आणखी हलायची शक्यता कमी. मात्र तिच्या पोटात मोडून राहिलेला एखादा खिळा करवतीचे दात काढतो. परसातला आंबा किंवा फणस पडला तर आरा गिरणीत चिरून घेता येतो. उभे झाड तोडायचे तर परवानगीचे कायदे आहेत, खाजगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा राज्याचा कायदा आहेच, आणि ते आधी विचारून घेतलेले बरे. या सगळ्यात तत्त्वज्ञान कुठे आहे, असे कुणी विचारील. ते इथे आहे, की वस्तूच्या अधीन असलेले ज्ञान हवे असेल तर वस्तू निवडण्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्याने निवडलेल्या, चौरस करून दिलेल्या फळीवर शिकणारा अर्धे ज्ञान दुकानात ठेवून येतो.

आता माणसाकडे येऊ. सगळ्यात जोरदार आक्षेप इथेच येतो. आज जगातले उत्तमोत्तम कारागीर फुकट पाहता येतात, सावकाश, पुन्हा पुन्हा. मग कोपऱ्यावरच्या सुताराच्या विनवण्या कशाला? या आक्षेपाला मराठी मुलखाचे उत्तर फार जुने आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवले आणि काकांनी ते उचलून एकेकाच्या डोक्यावर थापटून मडकी पक्की की कच्ची ते सांगितले, अशी आख्यायिका आहे. नामदेव कच्चे निघाले. त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण विठ्ठल त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलत असे. याहून थेट ज्ञान ते कोणते? पण विठ्ठलानेच त्यांना विसोबा खेचरांकडे जायला सांगितले. कथा घडली की नाही हा इथे प्रश्न नाही. तिने मांडलेला भेद महत्त्वाचा आहे. नामदेवांना दर्शन होत होते, त्यांची तपासणी झालेली नव्हती. चित्रफितीचे असेच आहे. ती दाखवते, तिला आपण दिसत नाही. आपला खांदा आखडला आहे, रंध्याच्या पुढच्या टोकावर भार कमी पडतो आहे, पटाशी धार गेल्यामुळे नव्हे तर धरायच्या कोनामुळे घसरते आहे, हे सांगायला कुणाला तरी आपण दिसावे लागतो. आणि हे सांगण्याचा अधिकार गोरोबांना शास्त्रातून मिळालेला नव्हता, मडकी थापटून मिळालेला होता, हेही त्या कथेने न बिचकता मान्य केले आहे.

याहून खोल आक्षेप चीनमधून येतो. च्वांग्त्स या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात पिएन नावाचा चाके करणारा म्हातारा पुस्तक वाचत बसलेल्या राजाला सुनावतो, की तुम्ही मेलेल्यांचा चोथा चघळता आहात. पटाशी किती नेटाने चालवायची ते हाताला कळते, तोंडाला सांगता येत नाही. पोटच्या पोराला ते देता आले नाही म्हणून सत्तरीतही मीच चाके करतो आहे. हा युक्तिवाद पुस्तकांविरुद्ध म्हणून नेहमी सांगितला जातो, पण तो गुरूच्याही विरुद्ध जातो, हे कुणी फारसे बोलून दाखवत नाही. बापाला मुलाला देता येत नसेल तर परक्या सुताराकडे जाऊन काय मिळणार? माझ्या मते पिएनचे निम्मे म्हणणे खरे आहे. नेट सांगता येत नाही. पण चुकलेला नेट ओळखता येतो, आणि ‘नाही, असे नाही’ एवढे सांगायला भाषा पुरते. शिकवणारा कौशल्य देत नाही, तो चुकीच्या वाटा बंद करत जातो. रसायनशास्त्रज्ञ असून तत्त्वज्ञानाकडे वळलेल्या मायकेल पोलान्यी यांनी १९५८ च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात हाच मुद्दा पुढे नेला आहे. जे नियमांत लिहिता येत नाही ते उदाहरणानेच हस्तांतरित होते. त्यामुळे त्याचा पल्ला प्रत्यक्ष सहवासापुरता राहतो आणि कारागिरी ठरावीक टापूत टिकते. एका पिढीने हात थांबवले की ती नाहीशी होते. मिरजेच्या सतारमेकरांची गल्ली, सावंतवाडीची चितारआळी ही याची आपल्याकडची रूपे.

मग एकलव्याचे काय? मातीच्या पुतळ्यापुढे तो शिकलाच ना? शिकला, पण त्याचे माध्यम बाण होते. बाण लागला की चुकला हे त्याच क्षणी कळते आणि पुढच्या बाणाला सुधारता येते. लाकूड आपला निकाल दर वेळी लगेच देत नाही. मार्गशीर्षात अगदी चपखल बसलेला खण आषाढात उघडेनासा होतो, आणि तोवर त्याच चुकीचे आणखी चार खण करून झालेले असतात. एकट्याने शिकणाऱ्याला ही चूक समजायला वर्ष लागते. ज्याने तीस पावसाळे पाहिले आहेत तो कुसू खाचेत बसवायच्या आधीच हात धरतो. जाता जाता एवढेच, की द्रोणाचार्यांनी त्या मुलाला विद्या विसरायला सांगितले नाही, अंगठा मागितला. विद्या कुठे असते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अद्वैती अभ्यासक इथे हस्तक्षेप करील. तो म्हणेल, हाताचे वळण ही सूक्ष्म उपाधीच झाली. म्हाताऱ्याचे हात थरथरले की तीही ओसरते, त्यामुळे सूत्राला धक्का लागत नाही. मोक्षाच्या विचारापुरते हे मान्य करायला हवे. शिवाय आचार्य स्वतः सावध आहेत. दृष्टांत ठरावीक अंशापुरताच घ्या, सुताराला हत्यारे उचलायला आणि ठेवायला हातपाय आहेत, आत्म्याला असे अवयव नाहीत, हे त्यांनी बजावले आहे. रामानुजाचार्यांनी तर याच सुताराला दुसऱ्या बाजूने साक्षीला उभे केले: हत्यारे जवळ असूनही तो इच्छा असेल तेव्हा काम करतो, नसेल तेव्हा करत नाही, म्हणून कर्तेपण चेतन जीवाचेच. एकाने सुताराचा निवांतपणा पाहिला, दुसऱ्याने त्याची इच्छा. मला दोघांच्याही वाचनात एक उणीव दिसते. दोघांचा सुतार एकटा आहे. त्याला वाकस धरायला कुणी शिकवले, तो तासतो ते लाकूड कुठले, याची चौकशी कुणी करत नाही. सुतारांच्या पंगतीला कुणी बसलेच नव्हते, तर हे प्रश्न सुचणार कसे?

तिथून अवघड जागी यावेच लागते. या दृष्टांतात ज्याला मानाने आणले त्याला तो दृष्टांत ऐकायचा अधिकार होता का? मीमांसेच्या सहाव्या अध्यायात रथकाराने वर्षाऋतूत अग्न्याधान करावे या विधीवर चर्चा आहे. रथ करणारा हा त्रैवर्णिकांपैकी कुणी, की वेगळ्या जातीचा, असा तो वाद. निष्कर्ष असा, की तो वेगळ्या जातीचा. पण वचनच आहे म्हणून तेवढा एक अधिकार त्याला द्यावा. आणि त्रैवर्णिकांबाहेरच्याला वेदाध्ययन नाही, हे ब्रह्मसूत्रांच्याच पहिल्या अध्यायावरचे भाष्य सांगते. तेव्हा कुणी म्हणेल, की ‘गुरू शोधा, सहवासात शिका’ हा उपदेश म्हणजे कौशल्य जातीत कोंडणाऱ्या व्यवस्थेचे गोडवे आहेत. आक्षेप वजनदार आहे. बलुत्यात सुताराला वर्षाकाठी धान्य मिळे आणि नांगर, कुळव, पाभर, गाडीचे चाक हे सारे त्याच्या गळ्यात असे. त्याच्या पोराला दुसरे काही व्हायची सोय नव्हती. पण ज्ञान सहवासातून जाते हे एक विधान, आणि सहवास जन्माने ठरावा हे दुसरे. पहिले लाकडाच्या स्वभावातून येते, दुसरे समाजाने लादले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणला तेव्हा हीच गाठ सोडवायचा प्रयत्न होता, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात तो वेगळ्या रीतीने पुढे गेला. आयटीआयमध्येही सुतारकामाचा अभ्यासक्रम कुठल्याही जातीच्या मुलाला, आणि मुलीला, खुला आहे. शहरांत शनिवार-रविवारच्या कार्यशाळा असतात, त्यांत धार लावणे आणि सरळ कापणे तेवढे नीट शिकून घ्यावे. त्यापुढचे शिक्षण दोन दिवसांत उरकत नाही.

उरला व्यवहारी आक्षेप. ज्या सुताराला शोधायचे तोच आता हाताने काम करत नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली आला आणि गावच्या सुताराचा हक्काचा धंदा तेव्हापासून आटत गेला. शहरातल्या साइटवर काम करणारे बहुतेक कारागीर राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले. त्यांच्या हाती प्लायवूड, लॅमिनेट आणि राउटर असतो, आणि हाताच्या रंध्याची गोष्ट काढली तर ते हसतात. हसू द्यावे. त्यांच्यातला पन्नाशीचा मिस्त्री गावी बापाजवळ बसून वाकस चालवायला शिकलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि यंत्रावर तो इतका सफाईने काम करतो याचे एक कारण तेच असते. कोकण किनाऱ्यावर होड्या बांधणारे, पखवाजाची खोडे कोरणारे, देवळांच्या पालख्या दुरुस्त करणारे अजून आहेत. त्यांना शोधायचा मार्ग जाहिरातीतून जात नाही. वखारवाल्याला विचारावे, हत्यारांना धार लावून देणाऱ्याला विचारावे, माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्म्याचा उत्सव जिथे होतो तिथे चौकशी करावी.

सापडल्यावर एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर परंपरेत शोधून सापडत नाही: त्याला द्यायचे काय? गुरुदक्षिणेची भाषा इथे सोयीची असली तरी धोक्याची आहे. तिच्या आडून फुकट वेळ घेतला जातो. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, अठरा व्यवसायांसाठी. तिच्यात सुतार आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये. म्हणजे हत्यारांची किंमत ठरली, सुताराने शिकायला बसावे याचीही ठरली. त्याने दुसऱ्याला शिकवावे याची किंमत त्या हिशेबात नाही. हौशी विद्यार्थी एका दुपारी चार फळ्या खराब करतो आणि तेवढ्या वेळात मिस्त्रीचे एक दार राहून जाते. तेव्हा निदान त्याचा त्या दिवसाचा पूर्ण रोज द्यावा, आणि तो घासाघीस न करता, काम सुरू व्हायच्या आधी ठरवून द्यावा. खराब झालेल्या फळ्यांचे पैसे वेगळे.